डोलन एकोणनव्वद

माझं वय चौऱ्याऐंशी. या वयात भुताच्या गोष्टी रचून मला काही मिळायचं नाही. खोटं मी एकदाच लिहून दिलं. त्याचंच हे सगळं आहे.

मे १९३४. महूची छावणी. गोऱ्यांची पायदळ पलटण. लग्न झालेल्या शिपायांच्या बराकीत आम्ही राहायचो. जाळीच्या कपाटात ठेवलेल्या मटणाचा वास, परेडच्या मैदानावरून येणारा बिगुल... डोळे मिटले की सगळं परत येतं.

पलटण आयरिश. एका कंपनीत तीन तीन डोलन. म्हणून हजेरीला आडनावापुढे शिपायाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे पुकारत.

माझे वडील डोलन चौसष्ट. त्यांचा जिवलग दोस्त डोलन एकोणनव्वद. मी त्याला मिक अंकल म्हणायची. वेळेवर तो कधीच यायचा नाही. मग वडील आवाज बदलून त्याच्या नावानं ‘हजर’ म्हणायचे. रांग गालात हसायची.

त्या संध्याकाळीही ते तसंच म्हणाले.

मिक बाजारात बिअर पीत बसला असेल, असं त्यांना वाटलं.

तो चांदमारीवर, गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर होता. निशाणांमागच्या खड्ड्यात पाइप विसरला म्हणून भर उन्हात एकटाच परत गेला होता. तिथेच ऊन लागून पडला.

हजेरी पूर्ण. मग शोधायला कोण जाणार?

सकाळी सापडला. मध्यरात्रीपर्यंत जीव होता, असं डॉक्टर म्हणाले.

वडील गप्प राहिले. कागदावर चढलं: हजेरीला उपस्थित, नंतर दारूच्या नशेत परवानगीशिवाय छावणीबाहेर. त्याच्या म्हाताऱ्या आईला तेच कळवलं गेलं.

चौथ्या दिवशी मी आमच्या पायरीवर बसून हजेरी ऐकत होते. सार्जंटनं चौसष्ट पुकारला. वडिलांनी ओ दिली. पुढचं नाव खोडलेलं. सार्जंट क्षणभर थांबला...

“हजर.”

रांगेच्या टोकाकडून. तिथे कोणीच नव्हतं.

सार्जंट उसनं हसून म्हणाला, “जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही बेटा.”

कोणी हसलं नाही. वडील तर त्यानंतर घरातही फारसे हसले नाहीत.

त्या संध्याकाळी मिकच्या नावानं आपणच ‘हजर’ म्हटलं होतं, हे त्यांनी मला मरताना सांगितलं. म्हणाले, “नोरा, कधी कोणी विचारलं तर खरं सांग. मला जमलं नाही.”

गेल्या हिवाळ्यात विचारलं गेलं. इंग्लंडमधले काही लोक पलटणीचा इतिहास छापतायत. त्यांनी मिकबद्दलचा मजकूर पाठवला. तोच, दारूच्या नशेचा. तुमचे वडील त्याच कंपनीत होते, तेव्हा हा मजकूर बरोबर आहे का, असं विचारलं.

मी वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. छातीवर पदकं.

आणि उत्तर लिहिलं. बरोबर आहे.

मी एकटीच राहते. शेजारची ग्लॅडिस रोज अकराला कुंपणापाशी येऊन हाक मारते. “आंटी नोरा, हजर का?” मी म्हणते, “हजर.” मग ती थट्टा करते, “अजून पटावर नाव आहे म्हणायचं.” पलटणीची मुलगी म्हणून आमचं हे रोजचं.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी न्हाणीघरात पडले. खुबा मोडला. वेदनेनं तोंडातून शब्द फुटेना.

अकरा वाजले. पावलं वाजली. मला हायसं वाटलं.

“आंटी नोरा, हजर का?”

मी ओरडायला तोंड उघडलं. नुसती हवा...

आणि पुढच्या व्हरांड्यातून कोणीतरी म्हणालं, “हजर.”

हुबेहूब माझ्या आवाजात.

ग्लॅडिस हसली. पावलं लांब गेली.

संध्याकाळी दूधवाल्यानं खिडकीतून पाहिलं तेव्हा मी सापडले. ग्लॅडिस अजून रडते. “तुम्हीच तर बोललात, आंटी. मी माझ्या कानांनी ऐकलं.”

मी तिला म्हटलं, तुझी चूक नाही.

कोणाची, ते सांगितलं नाही.

इस्पितळातून आल्यावर इंग्लंडच्या पत्त्याचं पाकीट मागवून घेतलंय. उशाशी कोरा कागद आहे. पुस्तक छापायला जायला अजून महिना आहे. रोज पेन उचलते, समोर वडिलांचा फोटो दिसतो, पेन खाली ठेवते.

आज अकराला ग्लॅडिसनं हाक मारली.

मी तोंड उघडायच्या आधीच...