हरकतींची पोच

पेटी आणायची होती, काम एवढंच. गावच्या शाळेतून हरकतींची पेटी उचलायची, स्कूटरवर घालायची आणि सोमवारी अकराच्या सुनावणीसाठी कचेरीत नेऊन ठेवायची. तारीख अठरा नोव्हेंबर, वार रविवार, रात्रीचे साडेनऊ. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, पोरांनो. उगाच आत्तापासून अंग चोरून बसू नका. चांगलं लख्ख चांदणं होतं.

पेटी आणायला गेलेला कारकून माझ्या चांगल्या ओळखीचा. कचेरीत त्याला निकालीराव म्हणायचे. कुणाचाही अर्ज हातात पडला की न वाचताच त्यावर ‘निकाली’ असा शेरा मारून तो मोकळा व्हायचा. वर म्हणायचा, "अर्ज वाचले तर काम कधी करायचं?" आणि असल्या माणसाला बढती मिळते, बरं का. दोनदा मिळाली होती.

गावाच्या वरच्या माळावर शंभर घरांची वसाहत येणार होती. बांधणारा निकालीरावचा सख्खा साडू. चोर चोर मावसभाऊ म्हणतात, इथे साडू होते. निकालीरावने भाड्याच्या दोन खोल्यांत बायकोचे टोमणे ऐकत बारा वर्षं काढलेली, म्हणून साडूने त्याला कोपऱ्यावरचं घर कबूल केलं. अट एकच: पेटीत हरकत निघता कामा नये. एक जरी निघाली तरी मंजुरी लटकणार.

गावाचं म्हणणं साधं होतं. शंभर घरांचे शोषखड्डे माळावर आणि गावाची एकुलती एक विहीर माळाच्या पायथ्याशी. घाण मुरत मुरत कुठे येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कचेरीला कळत नव्हतं. नकाशावर विहीर म्हणजे एक निळा ठिपका, आणि ठिपक्याला तहान लागत नाही.

शाळेच्या मास्तरांनी पेटी हातात दिली. म्हणाले, "साहेब, एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस हरकती. लोक विचारतायत, पोच कधी मिळणार?"

"पेटीत टाकलेल्याला पोच नसते, मास्तर. एवढं शिकलात तरी कळत नाही?" असं म्हणून निकालीरावने किक मारली.

गावाबाहेरच्या वळणावर, विहिरीजवळच त्याने स्कूटर थांबवली. दिवा चालू ठेवला. पेटीची लाख फोडली. पुन्हा सील करायला लाख, काडेपेटी आणि शाईच्या गादीसकट कचेरीचा तारखेचा गोल शिक्का त्याने सोबतच आणला होता. चोरी करावी तर अशी रीतसर.

वरचा एक कागद त्याने गंमत म्हणून उघडला. ‘आम्हास दुसरे पाणी नाही,’ एवढंच लिहिलेलं. ‘दुसरे’चा उकार चुकलेला. तो हसला. "शुद्धलेखन येत नाही आणि हरकती घेतायत!" असं म्हणत त्याने सगळा गठ्ठा कठड्यावरून विहिरीत सोडून दिला.

कागदच ते. आवाज काही झाला नाही.

तो वळला. तेवढ्यात मागून बाईमाणसाचा आवाज आला.

"पोच द्या."

कठड्याला टेकून कुणी म्हातारी उभी होती. पदर पुढे ओढलेला. हातात कागद. निकालीरावला वाटलं, गावातलीच आहे आणि तिने सगळं पाहिलंय. आता ही बोंब मारणार.

"आजी, इतक्या रात्री?" तो गोड आवाजात म्हणाला. "आणा, देतो पोच. मग घरी जाऊन झोपायचं हं."

कागद घेतला. ओला होता. गार. त्याने शिक्का मारला आणि परत दिला.

"पोच द्या."

हा आवाज तिचा नव्हता. पुरुषाचा होता. डावीकडून आला होता.

दुसरा हात. दुसरा कागद. त्याने शिक्का मारला.

"पोच द्या."

तिसरा हात… कठड्यावरून आला. पण कठड्याच्या पलीकडे जमीन नव्हती. पलीकडे विहीर होती.

त्याने खाली पाहिलं नाही. बघवलंच नाही. हात येत गेले. तो शिक्का मारत गेला. एक… आणखी एक… कोपरापासून पाणी ठिबकत होतं. कुणी ओढत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. रांगेत उभं राहिल्यासारखे सगळे गप्प.

मग हात थांबले.

म्हातारी जवळ आली. अगदी जवळ.

"वाचलंत का?"

…

"वाचलंत का, साहेब?"

उत्तर काय देणार? जन्मात कधी वाचलं होतं?

घरी कसा पोचला, त्यालाच ठाऊक नाही. पण पेटी मात्र सील करून आणली होती! असली माणसं भुताला घाबरतात, पापाला नाही. सोमवारी पेटी रिकामी निघाली, आणि मास्तर ओरडत असतानाच मंजुरीवर सही झाली. साडूने पेढ्यांचा पुडा पाठवला.

फेब्रुवारीत वसाहतीचा रस्ता रुंद करायला विहीर बुजवायची ठरली. दोन पंप लावून पाणी उपसलं. सगळं गाव काठावर उभं, बायका पदराने डोळे पुसत होत्या. पाणी तळाला गेलं आणि पंपवाल्याने स्वतःहून पंप बंद केले. मास्तर शिडी लावून खाली उतरले.

तळाजवळच्या दगडांवर, जिथे कधी कुणाचा हात पोचला नव्हता, तिथे कचेरीचे गोल शिक्के होते. एक्केचाळीस. प्रत्येकात तारीख, अठरा नोव्हेंबर. तीन महिने पाण्याखाली राहूनही शाई फुटली नव्हती.

"हरकती मुदतीत पोचल्यात, साहेब," मास्तर खालूनच, काठावर काम बघायला आलेल्या साडूला म्हणाले.

शिक्क्यांचे फोटो वरच्या कचेरीत गेले. मंजुरी अडकली ती आजतागायत. गाव अजून त्याच विहिरीचं पाणी पितं.

निकालीराव आता नोकरीत नाही. शिक्के मीच मारले, कागदांवर मारले, हे तो माझ्यासमोर कबूल करतो. पुढचं विचारलं की उठून चालू लागतो. कारण दगडांवरच्या प्रत्येक शिक्क्याखाली सहीसुद्धा आहे. शेवटच्या अक्षराला ऐटबाज शेपूट काढलेली, त्याचीच सही.

आणि त्या रात्री त्याच्याजवळ पेन नव्हतं.