वाघाटीचं बारसं

मांजर रानात सोडून यायचं, एवढंच काम होतं. चौऱ्याण्णवचा फाल्गुन. सुरतेहून निघालेल्या एसटीत मी आणि माझी बायको प्रमिला, तिच्या मांडीवर झाकणाची टोपली.

त्याआधीच्या दिवाळीत आमची मुलगी गेली. अकरा दिवसांची. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. पाळणा टांगलेला, गायत्री हे नाव ठरलेलं. पंधरा दिवसांनी इच्छापोरच्या रस्त्याकडेला गवतात मला हे पिल्लू सापडलं आणि साधं मांजर समजून मी ते घरी आणलं. अक्कल गहाण ठेवलेली माझी! प्रमिलानं त्याला पाळण्यात घातलं, कानात कुर्र केलं आणि तेच नाव ठेवलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली, म्हणून मी गप्प बसलो.

पुढं अंगावर तांबूस ठिपके उमटले, शेजारच्या कोंबड्या जाऊ लागल्या. जंगलखात्याचा माणूस म्हणाला, ही वाघाटी, रानातली. अशा लहान रानमांजरांसाठी राखलेल्या जंगलाचा पत्ता त्यानंच दिला.

तिथला राखणदार उखा आमच्याच खानदेशातला. दिवस मावळायला आला होता. वाळल्या पानांचा आणि जनावराच्या मुताचा उग्र वास नाकात बसत होता. टोपलीला हात लावण्याआधी उखानं हळूच विचारलं,

"बहीन, नाव ठेयेल शे का इनं?"

"नही," प्रमिला म्हणाली.

"ठेयेल व्हई ते कानमा सांगीसन परत ल्या... नही ते ती ना जंगलनी राहस, ना तुमनी."

तिनं नकारार्थी मान हलवली. मला सगळं ठाऊक होतं, तरी माझी जीभ उचलली नाही. नाव परत घ्यायचं म्हणजे पोर दुसऱ्यांदा पुरायची. वाघाटी गवतात शिरली, तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून दर फाल्गुनात प्रमिला मला तिथं नेते. कुंपणाशी उभी राहून त्याच नावानं एकच हाक मारते. दोन वर्षं नुसतं गवत हललं. मी म्हणायचो, वारा आहे. तीही म्हणायची, वाराच असेल.

यंदा हाक मारली आणि पाखरं एकदम थांबली. पानांवर काहीतरी चालत आलं. चार पायांची चाल मला कळते. ही दोन पायांची होती, नुकती शिकलेली, मध्येच धडपडणारी. कुंपणापलीकडं गवताच्या आत ती थांबली. उखा केव्हाच पाठ करून उभा होता.

"माय व..." तीन वर्षांच्या पोरीचा आवाज. "आपलं घर कोठे शे?"

खोटं कशाला सांगू, भीतीच्या आधी मला रडू आलं. अकरा दिवसांत तिचं नुसतं रडणंच ऐकलं होतं मी.

"प्रमिला, चल... बोलू नको..."

ती कुंपणाला गाल टेकवून, मूल घाबरू नये अशा बेतानं, सावकाश सांगत होती. "सुरतले... उधनाना पुढे नवागाम... पानीनी टाकीना मांगे..."

मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात दाबला. तोवर खोलीचा नंबर सांगून झाला होता.