नजरेची जागा

डॉक्टरांच्या हातून आजवर दोनेकशे माणसं दगावली असतील. म्हणजे पडद्यावर. ऑपरेशन थिएटरचं दार ढकलून बाहेर यायचं, मास्क हनुवटीखाली ओढायचा आणि मान हलवायची, "आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले..." चाळीस वर्षं हेच काम. मध्ये कधी वकील झाले, कधी नायिकेचे काका, एकदा तर चार भाग न्यायाधीशही होते. पण नाव पडलं ते डॉक्टरच. शेजारपाजारचे लोक खरोखर गुडघे दाखवायला यायचे. डॉक्टर गंभीर चेहरा करून सांगायचे, "गरम पाण्यानं शेका." आणि गंमत म्हणजे त्यांना बरं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी लेक म्हणाली, "बाबा, आज मला सुट्टी आहे. मीच सोडते तुम्हाला. आणि शूटिंगही बघते."

लेक शाळेत गणित शिकवायची. बत्तीस वर्षांची झाली होती, पण बापाच्या सेटवर एकदाही पाऊल ठेवलेलं नव्हतं. डॉक्टरांनीच ठेवू दिलं नव्हतं. तिथे धूळ असते, बसायला जागा नसते, लोक वाट्टेल ते बोलतात, असं काहीबाही सांगून त्यांनी इतकी वर्षं वेळ मारून नेली होती. पण नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, गाडी चालवायची मनाई होती, आणि लेकीपुढे कुणाची मात्रा चालणार? दोघं निघाले.

वाटेत ती म्हणाली, "आज म्हणे तुमचा मोठा शॉट आहे. मला सगळं कळतं हं."

"मोठा कसला," डॉक्टर म्हणाले, पण मनातून सुखावले. खरोखरच मोठा होता. दुय्यम नटाचं आयुष्य म्हणजे काय, तर कॅमेरा त्याच्या खांद्यावरून नायकाकडे बघतो. चाळीस वर्षांत डॉक्टरांचा डावा खांदा लोकांनी जितका पाहिला तितका चेहरा पाहिला नव्हता. या मालिकेत मात्र ते नायिकेचे वडील होते. आज मुलगी रिपोर्ट घेऊन दवाखान्याच्या खोलीच्या दारात उभी राहणार, आणि ती आता जगत नाही हे बाप नुसत्या तिच्या चेहऱ्यावरून ओळखणार. संवाद नाही. फक्त बापाचा चेहरा, पडदाभर.

स्टुडिओत शिरलं की बाहेरची दुपार दाराशीच राहते. आत काळोख. उंच छतावरून लोंबणाऱ्या वायरी, ओल्या रंगाचा वास, तापलेल्या दिव्यांवर जळणाऱ्या धुळीचा वास. कोपऱ्यात तेवढी एक दवाखान्याची खोली उजळलेली. ती खरी वाटावी म्हणून कुणीतरी फरशीवर फिनेलही मारलं होतं. लेक डोळे मोठे करून बघत राहिली.

नायिकेचे शॉट सकाळीच उरकले होते आणि ती दुसऱ्या सेटवर पळाली होती. याचं डॉक्टरांना नवल नव्हतं. मोठी माणसं आपलं काम झालं की जातात आणि मागे छोट्यांचे शॉट उरतात. मग समोर एक लोखंडी स्टँड उभा करतात, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर त्याला पांढरी चिकटपट्टी लावतात, आणि सांगतात, बघा या पट्टीकडे आणि रडा.

डॉक्टरांनी उभी हयात त्या पट्टीकडे बघण्यात घालवली होती. अगदी नवे असताना एका म्हाताऱ्या नटानं त्यांना बाजूला घेऊन कानमंत्र दिला होता, "पट्टी बघू नकोस रे. तिथे माणूस उभा कर. आपलं माणूस. ते आता कायमचं चाललंय असं समज आणि त्याला डोळे भरून बघ."

डॉक्टरांनी आईला उभं केलं. शॉट एका फटक्यात झाला. पंधरा दिवसांनी आई गेली. वय झालं होतं तिचं, सगळेच म्हणाले. काही वर्षांनी एका रडक्या प्रसंगासाठी त्यांनी आपल्या जिवाभावाच्या मेकअपवाल्याला तिथे उभं केलं. धडधाकट माणूस, अंगानं पहिलवान. महिन्याच्या आत जिन्यावरून पडल्याचं निमित्त झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं डॉक्टर स्वतःला समजावत राहिले. पण त्यानंतर ते ग्लिसरीन मागायला लागले.

आणि मग ती अकरा वर्षांपूर्वीची दुपार. ग्लिसरीन संपलेलं, दिग्दर्शक सगळ्यांदेखत ओरडतोय, "या माणसाला बदला!" भूमिका हातची जाणार. डॉक्टरांनी पट्टीकडे पाहिलं आणि तिथे बायकोला उभं केलं. त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मनात पाल चुकचुकली होती, तरी केलं. एकवीस दिवसांत साध्या तापाचा न्यूमोनिया झाला आणि ती गेली. तो शॉट पुढे एडिटिंगमध्ये कापला गेला. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. लेकीला तर नाहीच.

तेव्हापासून ते पट्टीवर फक्त बायकोलाच बोलवत. गेलेल्या माणसाचं आणखी काय वाईट होणार? ती यायचीही. डोळे जरा बारीक केले की पट्टीच्या जागी तिचा चेहरा हळूहळू उमटायचा. अंगात करडा स्वेटर, मान थोडी कलती, नजर थेट त्यांच्यावर. जवळपास कुठेही इस्त्री नसताना गरम इस्त्रीचा वास यायचा, ती त्यांचे शर्ट करायची तेव्हा यायचा तसा. ती कधी रागावलेली नसायची, आणि त्याचंच डॉक्टरांना जास्त रडू यायचं.

"डॉक्टर, तयार?" दिग्दर्शकानं विचारलं. तिशीतला, सभ्य माणूस होता.

डॉक्टर जागेवर उभे राहिले. स्टँड आला. पट्टी लागली. आणि तेवढ्यात असिस्टंट बाईंना सुचू नये ते सुचलं.

"सर, यांची मुलगी आलीये ना आज! त्यांनाच उभं करू या का? सख्खी मुलगी समोर असली की डॉक्टरांना किती सोपं जाईल!"

"अरे वा!" दिग्दर्शक म्हणाला. "ताई, याल का?"

"नको, नको," डॉक्टर घाईनं म्हणाले. " मला पट्टीची सवय आहे... तिला दिव्यांचा त्रास होतो..."

"मला कुठे काय त्रास होतो?" लेक हसत पुढे आली. कुणीतरी स्टँड बाजूला ओढला आणि ती त्या जागी जाऊन उभी राहिली. "बाबा, नुसतं उभंच तर राहायचंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी करू देताय, तर करू द्या की."

"तू बाजूला हो आधी!"

आवाज चढला. लेकीचा चेहरा एवढासा झाला, पण ती हलली नाही. आईचा हट्ट तिच्यात पुरेपूर उतरला होता.

"डॉक्टर," दिग्दर्शक हळू आवाजात म्हणाला, "दिवे लागलेत. पाच मिनिटांचं काम आहे."

इथे निघून जायला हवं होतं. पुढे कितीतरी वेळा डॉक्टर स्वतःला हेच म्हणाले. पण चाळीस वर्षं 'हो साहेब' म्हणत काढलेल्या माणसाचे पाय सेटवरून असे निघत नाहीत. शिवाय तो क्लोजअप होता, आयुष्यातला पहिला. तोही त्यांना सोडवेना, खोटं कशाला बोला!

पहिल्या टेकला त्यांनी लेकीच्या कपाळाकडे पाहिलं आणि मनात भाजीची यादी म्हटली. चेहरा कोरडा ठाक. कट. दुसऱ्या टेकला त्यांनी स्वतःच ग्लिसरीन मागून घेतलं. पाणी वाहिलं, पण दिग्दर्शकानं मान हलवली. "अश्रू आहेत, डॉक्टर, पण डोळे रिकामे आहेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जरा आतून येऊ द्या ना."

तिसरा टेक. "साउंड... कॅमेरा..."

लेक समोर उभी होती. बापाच्या ओरडण्यानं दुखावलेली, तरी त्याचं भलं व्हावं म्हणून मान कलती करून त्याच्याकडे बघणारी. डॉक्टरांच्या मनात एकच घोकंपट्टी चालली होती, हिच्याकडे तसं बघायचं नाही... तसं बघायचं नाही... हिला काही झालं तर... आणि मग त्यांना कळलं. हिला काही झालं तर, ही भीती म्हणजेच ती नजर होती. ती आणायला आज काहीच करावं लागत नव्हतं. ती आपल्या पायानं वर येत होती. डोळे भरायला लागले, आणि त्या भरल्या डोळ्यांपुढे लेक उभी.

डोळे मिटावेत तर पापण्या मिटेनात. डॉक्टरांनी कसंबसं एक केलं. नजर बोटभर बाजूला सरकवली, लेकीच्या कानाजवळच्या काळोखात, आणि मनातल्या मनात बायकोला हाक मारली. ये गं. तू ये. हिच्या आड उभी राहा. तुझ्याकडे बघू दे मला... हिच्याकडे नको.

गरम इस्त्रीचा वास आला.

ती आली. पण आज चेहरा उमटला नाही. आधी करडा स्वेटर दिसला, मग मानेवर सैल बांधलेले केस. ती दोघांच्या बरोबर मधोमध उभी राहिली होती, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांकडे तिची पाठ होती. तिच्या आड लेक पार झाकून गेली. सुटलो, डॉक्टरांना वाटलं. लेक वाचली. बांध फुटला. त्या करड्या पाठीकडे बघत ते रडले, आवाज न करता, अकरा वर्षांची माफी मागत रडले.

"कट!" दिग्दर्शकाचा आवाज फाटला होता. टाळ्या पडल्या. दिवे ओढणारी माणसंसुद्धा डोळे पुसत होती. डॉक्टरांच्या आयुष्यात सेटवर टाळ्या पडल्या त्या एवढ्याच.

स्वेटर दिसेनासा झाला होता. लेक सावकाश चालत त्यांच्याजवळ आली. चेहरा पांढराफटक, पण घाबरलेला नव्हता. गणितात एखादी पायरी सुटली की ती जशी थबकायची, तशी थबकली होती.

"बाबा..."

"काय गं?"

"शॉट चालू होता ना... तेव्हा आई इतकी का रडत होती?"

डॉक्टर तिच्या मागच्या काळोखात बघायला लागले.

"माझ्यापुढे येऊन उभी राहिली," लेक कुजबुजली. "अगदी जवळ. आणि रडत होती... माझ्याकडे बघून. डोळे भरून बघतात ना, तसं."

मागून दिग्दर्शक ओरडला, "कमाल, डॉक्टर! सेफ्टीसाठी आणखी एक घेऊ. ताई, जागेवर!"

"नाही!" डॉक्टर म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. त्यांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं आणि चालायला लागले. वायरी ओलांडत, खुर्च्यांना धडकत. मागे कुणीतरी हाका मारत होतं. घरी नको, आधी खऱ्या डॉक्टरकडे जायचं, हिला नखशिखांत तपासून घ्यायचं, पंधरा दिवस, महिनाभर डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही, असं काय काय त्यांच्या डोक्यात चाललं होतं. दरवाजाच्या फटीतून बाहेरचं ऊन दिसायला लागलं. आणखी वीस पावलं. लेक मुकाट्यानं येत होती. मनगट ऊबदार होतं, नाडी लागत होती. डॉक्टरांच्या जिवात जरा जीव आला. त्यांनी पावलं आणखी भराभर उचलली.

तेवढ्यात लेकीनं हात किंचित मागे ओढला. तिचा दुसरा हात मागे लांबलेला होता, काळोखात, कुणीतरी धरल्यासारखा.

"बाबा, जरा हळू चला ना," ती म्हणाली. "आईला दम लागतोय."