लहान बी, मोठा बी

“सर, तुमचा बी लहान की मोठा?”

प्रात्यक्षिकाला जमलेलं सभागृह खदखदून हसलं. नववीतली मंजिरी चौगुले मात्र उभीच राहिली. शेजारी तिची मैत्रीण तस्नीम ओढणीत तोंड खुपसून गदगदत होती. “विचारून दाखव, नाहीतर तू भित्री!” असं तीच तर म्हणाली होती. पण मंजिरीला उत्तर खरंच हवं होतं.

“बी-बियाण्यांचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे, बाळ,” मुख्य अभियंता हर्डीकर म्हणाले. पुन्हा हशा.

“फलकावर लिहिलंय, स्पर्शवाहिनीची गती सेकंदाला ऐंशी एमबी. इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नसतातच. मग हे ऐंशी कुठले?”

“अर्थात बिट! मेगाबिट. माणसाच्या चेतातंतूंना तेवढंच झेपतं. आपण सगळं मराठीत केलं, त्याचा अभिमान बाळग की!”

आणि भोंगा वाजला.

काचेपलीकडे आखाड्यात दोन लोहमल्ल समोरासमोर आले. दरडीखाली, आगीत माणसाऐवजी उतरणारी ही यंत्रं. त्यातल्या एकाला चालवत होते मंजिरीचे बाबा, यशवंत पैलवान. खुर्चीत बसलेले, कपाळाला आणि मनगटांना चेतापट्टे. यंत्राला लागेल ते त्यांना स्पर्शवाहिनीतून जाणवणार होतं, पण चिमट्याएवढंच. नियंत्रण-मेजावर आई होती, डॉक्टर सुलभा. सरावात आजवर नुसती उचल-ठेव झाली होती. मार खायची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या, आपोआप चालणाऱ्या लोहमल्लाने पहिला ठोसा छातीवर घातला.

बाबा खुर्चीसकट उडाले. दुसरा ठोसा जबड्यावर. लोखंडावर नुसता पोचा आला, इकडे बाबांनी दात इतके आवळले की एक दाढ फुटून रक्तासोबत बाहेर आली. मग त्या यंत्राने हात पिरगाळला. बाबांचे स्वतःचे स्नायू त्या वेदनेने असे आखडले की खांदा कटकन निखळला. नाकातून रक्ताची धार. किंकाळी अशी, की तस्नीमने कान झाकले.

“थांबवा ते!” आई ओरडली. लोहमल्ल जागीच गोठले. बाबा मात्र तडफडतच होते.

मंजिरी काचेचं दार ढकलून आत घुसली. हर्डीकर पडद्याकडे बघत पांढरेफटक पडले होते. “कारखान्याने आपलं ‘एमबी’ वाचून मोठा बी धरला. मेगाबाइट!”

“म्हणजे सहाशे चाळीस मेगाबिट. आठपट!” मंजिरी किंचाळली. “मग बंद करा ना!”

“यंत्र बंदच आहे. त्याने साठवलेला मार अजून वाहतोय.”

“मग त्या माराची धार हळू करा!”

“नाही करता येत, मंजू,” आई म्हणाली. “मेंदू आणि वाहिनी आता एका ठेक्यात आहेत. ठेका मोडला की काळीजही थांबेल. डाव अर्धा सुटला की हात मोडतो, तसं. साठवण रिकामी होईपर्यंत अख्खी धार वाहायलाच हवी.”

“अख्खी वाहू दे. पण एकाच माणसात कशाला?”

आईने झटकन वर पाहिलं. तालमीतल्या पैलवानांसाठी केलेल्या आठ खुर्च्यांपैकी उरलेल्या सात भिंतीलगत उभ्या होत्या. सहाशे चाळीस भागिले आठ.

“वहिनी, बांधा मला,” दारातून दगडू पैलवान गरजला. “वस्ताद एकटाच मार खाणार व्हय? बसा रं!” त्याच्यामागून तालमीतले पाच जण धावत आले. सहा खुर्च्या भरल्या. बाबा धरून सात.

“मी बसतो,” हर्डीकर म्हणाले.

“पट्टा ओळखीच्याच शरीराला चालतो. या पैलवानांसारखा तुमचा स्पर्श-नकाशा घेतलेलाच नाही,” आई म्हणाली आणि तिने चटकन मंजिरीवरून नजर काढली.

तिने पहिला नकाशा कुणाचा घेतला होता, ते घरातल्या तिघांनाच माहीत होतं. स्वयंपाकघरात, मंजिरीकडून पोळ्या लाटून घेता घेता.

“नाही,” आई पुटपुटली. “सातात भागू. प्रत्येकी एक्याण्णवच्या वर जातील, पण…”

“ऐंशीच्या वर गेलं की फाटतात ना तंतू? मग सातही जण मरतील, आई.”

बाबांनी रक्ताळलेले डोळे उघडले. “पोरी… न्हाई.”

दगडूच्या शेजारची रिकामी खुर्ची गार होती. मंजिरीने तिच्यात बसून वेणी मागे टाकली आणि पट्टा स्वतःच कपाळावर आवळला.

“आई, बाबा, माझं ठरलंय. माझ्या वाटणीचे ऐंशी सोडा इकडं.”