उसनी फुंकर

ही गोष्ट खरी आहे. पटलीच पाहिजे असा आग्रह नाही. आमच्या घरातल्या अर्ध्या लोकांना ती पटलेली नाही, आणि ज्यांना पटलीय ते मामाच्या शेजारी बसायला तयार नाहीत.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. एका मंगळवारी, जेवणाची सुट्टी संपता संपता, लख्ख उन्हात, दगड कापायच्या कारखान्याच्या अंगणात हे घडलं.

आमच्या नशिबी भूतसुद्धा दिवसपाळीचं आलं.

आधी माणसं सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. ताई म्हणजे त्या दोघांची थोरली बहीण. खरं तर माझी मावशी, पण घरात तिला सगळेच ताई म्हणतात, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जाऊ द्यायची नाही, एवढं सगळे पाळतात. आणि दाजी म्हणजे ताईचे यजमान. गोष्ट सुरू होते तेव्हा दाजी जिवंत आहेत.

कारखान्यात स्वयंपाकाच्या ओट्यांसाठी दगड कापायचे. दाजी तिथले जुने. सिंकसाठी दगडाला गोल भोक पाडावं तर दाजींनीच. मामाला त्यांनीच तिथे चिकटवलं होतं, पण मामा कटरवर नव्हता. कापलेला दगड गाडीत चढवायचा, एवढंच त्याचं काम. म्हणजे दिवसभर उघड्या हवेत.

आणि मामाचा दम दांडगा. सगळे त्याला 'भाता' म्हणायचे. एकदा पैज लावून त्याने तोंडाने सायकलची ट्यूब फुगवली होती. ट्यूब पंक्चर आहे हे नंतर कळलं. तरी फुगली होती.

आता कारखान्याची रीत ऐका.

पात्यावर पाणी सोडून कापलं की धूळ उडत नाही, खाली बसते. पण पाण्याने पेन्सिलची खूण पुसते. काम रेंगाळतं. सुपरवायझर घड्याळाकडे बघतो आणि मग तुमच्याकडे बघतो. म्हणून सगळे कोरडंच कापायचे. पाण्याचा नळ फक्त वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी सुरू व्हायचा. पाहुणे आले की चांगल्या चादरी निघतात, तसा.

तपासणी म्हणजे अंगणात एक गाडी येऊन उभी राहायची. आत पडद्यामागे नर्सबाई, आणि फुंकायचं यंत्र. नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायची आणि पोटातून फुंकायचं. फुंकर कमी पडली की कटरवरून उतरवायचे. "थोडा आराम करा," म्हणायचे. त्या आरामातून परत आलेला माणूस कोणी पाहिला नव्हता.

दाजींना खोकला होताच. जिना चढताना ते मधेच थांबून भिंतीवरचे पोपडे निरखायचे, जणू काही त्यासाठीच थांबलेत.

तपासणीच्या सकाळी ते मामाजवळ आले.

"मेव्हण्या, माझी पण फुंकून टाक."

"दाजी, असं कसं..."

"अरे, धुळीने आपण सगळे इतके पांढरे आहोत, आपापल्या आयांनी ओळखलं नसतं. ती बाई काय ओळखणार? तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल. नाव माझं सांग नि फुंक."

"पण खोकला?"

"माझं घर हातांवर चालतं रे. फुप्फुसावर नाही."

मामा हसला. आत गेला. दाजींचं नाव सांगून फुंकला. बाहेर आला, रुमाल उलटा बांधला, परत आत गेला आणि स्वतःची फुंकर मारून आला.

नर्सबाई म्हणाली, "कमाल आहे हो! या कारखान्याची हवा अगदी झकास दिसते."

दाजींनी त्याला चहा पाजला. मामाला... अभिमान वाटला. हे त्याने मला स्वतः सांगितलंय. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, फरशीकडे बघत होता.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. तोवर मामाच्या फुंकरेला गिऱ्हाईक वाढलं होतं. एका तपासणीत तर तो इतक्यांदा आत गेला की शेवटी त्याला स्वतःचं नाव आठवेना.

मग दाजी आजारी पडले.

पहिल्या डॉक्टरांनी साधा खोकला म्हणून औषध दिलं. कारण तपासणीत दाजी दरवर्षी ठणठणीत होते. दुसऱ्या डॉक्टरांनी धुळीची अॅलर्जी म्हटलं. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला... आणि खुर्ची ओढून ताईसमोर बसल्या.

"दगडाची धूळ आत बसलीय. घट्ट. ही आता निघत नाही. आधी कळलं असतं तर काम तरी सोडायला लावलं असतं."

"अहो, पण दरवर्षी तपासणी व्हायची की!" ताई म्हणाली. "दरवर्षी पास व्हायचे!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग यंत्र बिघडलेलं असेल."

मामा दाराशी उभा होता.

"असेल," तो म्हणाला.

एवढाच शब्द. पण त्या दिवसापासून मामाने ताईच्या घरात कधी पाठ टेकून बसून चहा घेतला नाही. खुर्चीच्या कडेला बसायचा. पाहुण्यासारखा.

घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. दिवसभर घरघरायचं. त्याच्या नळीची लांबी संपली की दाजींचं जग संपायचं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायचे. पलीकडचा ओटा त्यांनी स्वतः कापून बसवला होता, तो लांबूनच बघायचे. आंघोळ ताई घालायची. वेणी घालायचीही उसंत तिला नव्हती. ती एकच गोष्ट ऐकत जगायची. दाजींचा श्वास.

त्या श्वासाला शिट्टी होती. श्वास सोडताना आधी एक बारीक सूर... मग त्याच्याहून वरचा दुसरा. गॅसवर किटली विसरल्यासारखा. पाहुणे दचकायचे. ताई म्हणायची, "ती वाजते तोवर मला झोप लागते. थांबली की जाग येते."

एकदा ताई औषध आणायला गेली होती. मामाने विचारलं, "दाजी, ताईला सांगू का? फुंकरेचं?"

दाजींनी बराच वेळ हवा गोळा केली.

"मी जिवंत आहे... तोवर नको. तिला मी... शहाणा वाटतो."

दाजी गेले ते हॉस्पिटलात, एका दुपारी. ताई उशाशी होती. शिट्टी थांबली, तशी तिने मान वर केली आणि वाट बघत राहिली. नर्स येऊन खांद्यावर हात ठेवेपर्यंत ती वाट बघत होती.

दाजी गेले. म्हणजे सांगायची मोकळीक झाली.

मामाने सांगितलं नाही.

उलट ताईच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझा भाऊ होता म्हणून निभावलं हो." मामा उठून गॅलरीत जायचा.

आणि मग तो मंगळवार आला.

तपासणीची गाडी अंगणात. नळ सुरू. कटरवरचा लंबू मामाजवळ आला. लंबू म्हणजे इतका उंच की दारातून येताना आधी नमस्कार केल्यासारखा वाकायचा.

"भात्या, माझी फुंकशील ना?"

मामाला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं. आणि ते एकदा तोंडातून निघालं असतं, तर ताईच्या कानापर्यंत जायला कितीसा वेळ?

तो आत गेला. हो. दाजींच्या नंतरही गेला.

गाडीत उकडत होतं. नाकाला चिमटा लागला. मामाने लंबूचं नाव सांगितलं, छाती भरून घेतली आणि फुंकर मारली...

बारीक सूर.

मग... त्याच्याहून वरचा.

नर्सबाईने यंत्राकडे पाहिलं. "परत."

मामाने परत फुंकलं. पोट पाठीला लागेपर्यंत. नळीतून हवा जेमतेम निघाली, आणि शिट्टी... तीच.

त्याच्या मागे कोणीतरी दबक्या आवाजात खोकलं.

मामाला मागे वळायची हिंमत होईना. नाकाला चिमटा लावलेला माणूस घाबरला तरी गमतीदारच दिसतो. नर्सबाई हसली नाही. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"त्यांना बसायला सांगा ना," ती म्हणाली. "उभे का राहिलेत? किती दम लागलाय त्यांना."

मामा वळला.

पडदा... आणि ऊन. कोणी नव्हतं. रांग अजून चहाच्या टपरीवर होती. लोखंडी पायरीवर पांढरी धूळ साचली होती, आणि तिच्यावर फक्त मामाच्याच बुटांचे ठसे होते.

"गेले वाटतं," नर्सबाई म्हणाली आणि पुढची नळी उघडली.

त्या दिवशी लंबू नापास झाला. मामाने स्वतःच्या नावाने फुंकलं, तर तोही नापास. नापास कसला, नर्सबाईने त्याला हात धरून खाली उतरवलं.

लंबू चार लोकांत त्याला वाटेल ते बोलला. "स्वतःचा भाता फाटला नि माझं काम घालवलंस!" पण नापास झाल्यामुळे लंबूला छातीचा फोटो काढावा लागला. धूळ नुकती बसायला लागली होती. वेळेवर सुटला. आता तो एका बागेत रखवालदार आहे, आणि अजून मामाला शिव्या घालतो. खणखणीत आवाजात, न थांबता, एका दमात.

मामाचाही फोटो काढला. छाती स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी उजेडासमोर धरून दोनदा पाहिला.

"फोटो पैलवानाचा आहे. आणि श्वास..." त्यांनी नळी छातीला लावली, ऐकलं, नळी काढून पुसली, परत लावली. "हा श्वास मी आधी ऐकलाय." मग जरा हसून म्हणाल्या, "असं कसं असेल म्हणा. यंत्र बिघडलेलं असेल."

या खेपेला मामा 'असेल' म्हणाला नाही.

तो तडक ताईकडे निघाला. सांगून टाकायचं. जिन्यात तो तीन ठिकाणी थांबला आणि भिंतीवरचे पोपडे बघत बसला.

ताई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दाजींचे सदरे अजून धुवायची. ऑक्सिजनचं यंत्र परत गेलं होतं. फरशीवर त्याच्या जागी चौकोनी डाग होता, आणि दोघं तो चुकवून चालायचे.

"ये रे. दमलास?"

मामा समोर बसला. "ताई, मला..." म्हणाला, आणि श्वास सोडला.

शिट्टी वाजली.

ताईचे हात सदऱ्यावर थांबले.

"परत घे," ती म्हणाली.

"ताई, ऐक ना..."

"बोलू नकोस. श्वास घे."

मामाने घेतला. सोडला. बारीक सूर... मग वरचा. ताई उठली, त्याच्या मागे येऊन बसली आणि त्याच्या पाठीला कान लावला. थोड्या वेळाने तिचं डोकं जड झालं. ती झोपली होती. दाजी गेल्यापासून ती अशी झोपलीच नव्हती.

मामा हलला नाही. पाय बधिर झाला, मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. तरी हलला नाही.

आता तो रोज संध्याकाळी जातो. जुना सदरा दुसऱ्याच्या अंगात घालून बघावा, तसा ताई त्याला दाजींच्या खुर्चीत बसवते. पाठीला कान लावते. तिचा चेहरा भरलाय. वेणीही घालते. शेजारणी म्हणतात, भाऊ असावा तर असा.

मी मामाला म्हटलं, "सांगून टाक की एकदाचं."

"सांगितलं तर ती मला घराबाहेर काढेल," तो म्हणाला. श्वास घ्यायला थांबत बोलतो हल्ली. "ते मी सोसेन. पण मी गेलो की... दाजीही जातील ना तिच्या घरातून. दुसऱ्यांदा."

"आणि नाही सांगितलं तर?"

तो चपला शोधायला लागला. ताईकडे जायची वेळ झाली होती.

गेल्या आठवड्यात ताईने पाठीला कान लावला, आणि मधेच डोळे उघडले.

"काय रे, हे म्हणतायत तुला मला काहीतरी सांगायचंय."

मामाने मान वळवली. "कोण म्हणतंय?"

"कोण म्हणजे? हे." दारावर करावी तशी तिने त्याच्या पाठीवर टकटक केली.

"काही नाही गं, ताई."

...आणि शिट्टी थांबली.

मामाची छाती हलत होती. हवा आत जात होती, बाहेर येत होती. पण आवाज नव्हता. ताई कान लावून, मान किंचित वर करून, वाट बघत राहिली. हॉस्पिटलात बघत होती तशीच.

मग कुठून तरी लांबून... बारीक सूर.

"आले," ताई म्हणाली, आणि डोळे मिटले.

तेव्हापासून हे रोज चाललंय. ती विचारते. तो "काही नाही" म्हणतो. शिट्टी थांबते, आणि परत येते. फक्त परत यायला रोज जरा जास्त वेळ लागतो.

काल मी तिथे होतो. ताईने विचारलं. मी मामाला डोळ्यांनी खुणावलं, सांग. त्याने तोंड उघडलं. ताईकडे वळून पाहिलं. तिने केसांत फूल माळलं होतं.

"काही नाही," तो म्हणाला.

आम्ही थांबलो. खाली रस्त्यावर दिवे लागले. ताईने खुणेनेच मला पंखा बंद करायला सांगितलं, म्हणजे नीट ऐकू येईल. मी बंद केला. मामा रडत होता, आवाज न करता, कारण आवाज केला असता तर तिला शिट्टी ऐकू आली नसती.

मला ते बघवेना. मी चपला हातात घेतल्या आणि निघालो.

जिना संपेपर्यंत मी कान देऊन उतरत होतो.

शिट्टी आली नव्हती.