मास्तरचं ‘पुट ऑफ’

ही गोष्ट खरी मानणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. चिखलीजवळच्या एका वावरात कोकिळा नावाची पोर अशी तापली होती, की भोवतालच्या कपाशीची बोंडं वेळेआधीच तडातडा फुटली!

तापायचं कारण धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, सायकल धरून उभं होतं... शेषराव मास्तर. श्रावणात चिखलात सायकल घसरून तो तिच्या पायाशी पडला, आणि पडल्या पडल्या ‘सॉरी’ म्हणाला. ती खुदकन हसली. मग रोज तिथंच सायकल घसरू लागली. एकदा मुगाच्या शेंगा सोलताना बोटाला बोट लागलं — दोघंही कितीतरी वेळ शेंगांकडेच बघत बसली.

“आज पोरायले काय शिकवलं जी?” कोकिळेनं त्याच्याकडे न बघता विचारलं.

“पुट ऑफ.”

“म्हंजे?”

“काम पुढं ढकलणं. समज, डिपटीसाहेबाची तपासणी आज होती, ती सोमवारवर गेली. म्हणजे तपासणी पुट ऑफ केली. काम मोडत नाही, नुसतं...” मास्तर रंगात आला, “नुसतं लांबते.”

“असं! तुमी माह्या बाबाले पोळ्याले विचारनार होते. मंग दसऱ्याले. हे पुट ऑफच न?”

“...हो.”

“उद्या मेहकरचे पाहुणे मले पाहाले येऊन राह्यले. त्यायलेबी करता का पुट ऑफ?”

मास्तर सायकलची घंटी पुसू लागला. “कोकिळे... सीतादही तं होऊ दे. मंग पक्कं—”

“सीतादही आजच हाय!”

सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीआधी कपाशीला घालायचा दहीभात; त्याचं गाडगं तिच्या हातात होतं. ते तिनं मास्तरच्या डोक्यावर पालथं केलं. भात कानांवरून ओघळला. वेचणीला आलेल्या बाया धावल्या.

“अवं, वावराचा निवद त्याच्यावर सांडला!” त्यातली तानुबाई ओरडली. “आता हा वावराचा झाला. याले सोडता नाही येत!”

ओरडा ऐकून कोकिळेचे वडील, अर्जुनराव, धावत आले. कोकिळेचे डोळे रागानं लाल — आणि काठोकाठ भरलेले.

“बोला आता,” ती पुटपुटली. “नाही तं जा.”

आणि मास्तर, तसाच दहीभातानं माखलेला, छाती काढून अर्जुनरावांपुढे गेला, आणि पार लोणारच्या तळ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मामा, तुमची कोकिळा मले—”

“खोटं!” गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरला तोडत चुलीपासून पिकल्या केसांची कोकिळाबाई कडाडली. “बाबाले मी विचारलं! तुमी तं सायकल पुसत होते!”