एकोणसाठ हजर

तुम्ही ती यादी केलीत. राजधानीत गरम खोलीत बसून संगणकातलं कोणतं कार्ड चालेल नि कोणतं चालणार नाही हे ठरवलंत, आणि जे यादीत बसलं नाही ते जगात नाहीच असं धरून चाललात. शुक्रवारी संध्याकाळच्या आत सगळ्या नगरपालिकांनी नवी आवृत्ती चढवलीच पाहिजे, हा हुकूमही तुमचाच. त्याखाली सही नव्हती, नुसता शिक्का होता. म्हणून तुमचं नाव इथे घालता येत नाही. नाहीतर पहिल्या ओळीत घातलं असतं.

बिस्त्राने हुकूम पाळला. रोदोपीच्या डोंगरातल्या त्या नगरपालिकेत संगणकाचं जे काही होतं ते बावन्न वर्षांची बिस्त्रा एकटी बघायची. तिची खोली तळघरात, जुन्या कोळशाच्या कोठीला लागून. एक खिडकी, ती फुटपाथच्या पातळीवर. त्यातून तिला गावाचे फक्त बूट दिसायचे. खोलीत एकच मोठा सर्व्हर. त्याच्या पोटात पाच यंत्रं चालायची, खरी नसलेली पण खऱ्यासारखी वागणारी. एक पाणीपट्टीचं, एक जन्ममृत्यूच्या नोंदींचं, दोन कसल्या कसल्या दप्तरांची. पाचवं बटणांचं.

वरच्या वाड्यावस्त्यांत एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात नगरपालिकेने लाल बटण अडकवलं होतं. ते दाबलं की टेकडीवरच्या मनोऱ्यामार्फत बिस्त्राच्या पडद्यावर ‘मदत’ उमटायचं. आणि छातीचे ठोके लागत असतील तोवर न दाबताही दर तासाला ते आपणहून एकच शब्द पाठवायचं, ‘हजर’. अशी एकतीस माणसं होती. बिस्त्राला नवरा नव्हता, मूल नव्हतं. सकाळी पडद्यावर एकतीस वेळा ‘हजर’ वाचलं की तिचा दिवस सुरू व्हायचा.

शुक्रवारी नवी आवृत्ती चढली, सर्व्हर उठला, आणि त्याला स्वतःचं नेटवर्क कार्डच दिसेना. कार्ड जागच्या जागी होतं, दिवा मात्र विझलेला. यंत्राची नि कार्डाची ओळख करून देणारा ड्रायव्हर तुम्ही नव्या आवृत्तीतून काढून टाकला होता. पाचही यंत्रं आत धडधाकट चालत होती, फक्त त्यांचं दार चिणलं गेलं होतं.

तिने वरच्या कचेरीला फोन लावला.

“तुमचं कार्ड यादीत नाही,” पलीकडचा तरुण म्हणाला.

“ते मला दिसतंय. मी ड्रायव्हर मागतेय.”

“यादीत नाही म्हणजे ड्रायव्हर नाही.”

“मग जुनी आवृत्ती परत चढवते.”

“परवानगी नाही, बाई. नवं कार्ड मागवा. अर्ज फेब्रुवारीत सुरू होतात.”

“आज नोव्हेंबर चालू आहे. माझी एकतीस माणसं त्या कार्डावर आहेत.”

“माणसांचा विभाग वेगळा,” तो म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

शनिवारी बर्फ पडलं. बिस्त्रा आणि सामाजिक सेवेची जीप चालवणारा पेन्चोकाका, दोघांनी मिळून सकाळ-संध्याकाळ तीस जणांना फोन केले. एकतिसावी गेर्गिना आजी, वय सत्त्याऐंशी, हृदय कमजोर. सगळ्यात वरच्या वाडीत, गोर्नो व्रेलोत, हिवाळ्यात तिच्याशिवाय कुणी नसतं. तिथली फोनची तार चोरांनी केव्हाच नेली, आणि मोबाइल लागतो तो फक्त कब्रस्तानाच्या कुंपणाशी. आजीकडे ते बटण तेवढं होतं. रविवारी पेन्चोकाका जीप घेऊन निघाला आणि दुसऱ्या वळणावरून परत आला.

“पोरी, वर रस्ता नाहीये, नुसती भिंत आहे,” तो म्हणाला. “तुझं ते खोकं सुरू कर काहीतरी करून. की पूजा घालायची त्याची?”

“ड्रायव्हर सापडत नाही, काका.”

“मी समोर उभा आहे की.”

ती हसली नाही. कार्डाच्या चिपचा आठ आकडी क्रमांक तिने शनिवारीच टिपून घेतला होता. ती चिप बनवणारी कंपनी दोनदा विकली गेली होती, तिच्या संकेतस्थळावर आता गाद्यांची जाहिरात होती. जुन्या चर्चांच्या पानांवर हाच क्रमांक घेऊन हताश झालेली माणसं जागोजाग सापडायची: कुणी पोलंडचा, कुणी साराएवोचा. प्रश्न विचारलेला, खाली उत्तर नाही. सोमवारी सकाळी एका पानाच्या तळाशी तिला उत्तर सापडलं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, एक अक्षर मजकूर नाही, नुसती फाइल.

सर्व्हर ती घेईना. कुणाची सही नाही म्हणाला. मग बिस्त्राने आज्ञा टाइप करून त्याचा पहारा सगळ्यात खालच्या पायरीवर आणला: ज्याची ओळख पटत नाही त्यालाही आत घे. तिने सर्व्हर बंद करून चालू केला, केबल काढून तिचं टोक पुसलं, परत लावायला वाकली.

दिवा हिरवा होता.

केबल तिच्या हातात होती.

जुनं कार्ड आहे, काहीही दाखवतं, असं स्वतःला सांगून तिने केबल लावली. पाच मिनिटांत पडद्यावर ओळी यायला लागल्या. हजर. हजर. विसाव्या ओळीला तिचे डोळे भरून आले. सत्ताविसावी ओळ गेर्गिना आजीची.

वनखात्याचा बर्फ सारायचा फाळवाला ट्रॅक्टर तेव्हा चौकात आला होता आणि पेन्चोकाका त्यावर चढायच्या बेतात होता. बिस्त्राने त्याला फोन करून थांबवलं. “आजी हजर आहे. उतरा खाली, बानित्सा घेऊन या, गरम बघून.”

“दारूही आणू?”

“सकाळचे नऊ वाजलेत.”

“म्हणून तर विचारलं.”

त्याने चीज भरलेली, पदर सुटलेली बानित्सा आणली. दोघांनी उभ्याउभ्याच खाल्ली. खाताखाता बिस्त्राने पडद्याकडे बघितलं. बत्तीस ओळी होत्या.

बत्तिसावी ओळ स्तामेन कारादेलेवची. स्तामेन दोन हिवाळ्यांमागे गेला. इथे माणूस गेला की त्याच्या दारावर फोटोचा कागद लागतो. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. चाळिसावा होईपर्यंत नाव पुसायचं नाही, हा त्या कचेरीचा रिवाज होता, आणि चाळिसावा झाल्यावर पुसायला कुणाचा हात धजायचा नाही. म्हणून गेलेल्यांची नावं सर्व्हरमध्ये तशीच पडून होती. बटणं मात्र घरचे लोक परत आणून द्यायचे. ती कपाटातल्या बुटांच्या खोक्यात होती.

बिस्त्राने खोकं काढलं. स्तामेनचं बटण हातात घेऊन मागचं झाकण उघडलं. आत बॅटरी नव्हती.

“क्रमांकांचा घोळ असेल,” ती म्हणाली.

पेन्चोकाकाने बानित्साचा तुकडा कागदावर परत ठेवला.

दहा वाजता चाळीस ओळी झाल्या. अकरा वाजता एकोणसाठ. पुढे वाढल्या नाहीत. खोक्यातली बटणं तिने टेबलावर मांडून मोजली. अठ्ठावीस भरली, सगळी रिकामी. ती टेबलावर गप्प पडली होती आणि पडद्यावर त्यांची नावं दर तासाला, मिनिटही न चुकवता, हजर होती. जिवंतांच्या ओळी नि यांच्या ओळी, काडीचा फरक नाही.

तिची नजर सत्ताविसाव्या ओळीवर गेली.

“काका,” ती म्हणाली, “आजीची ओळ जिवंतांतली, की यांच्यातली?”

पेन्चोकाकाने टोपी उचलली आणि तो ट्रॅक्टरकडे निघाला.

तीन वाजता त्याचा फोन आला. वाऱ्यामुळे तो ओरडत होता.

“कुंपणाशी आहे मी. ऐकू येतंय?”

“बोला.”

“चूल थंड आहे, पोरी. आजी दाराजवळ पडलीय. बटण मुठीत. बोटं कशीबशी सोडवली.”

“कधीपासून?”

“मांजराच्या वाटीतलं दूध गोठलंय. शुक्रवार रात्र असेल, नाहीतर शनिवार. आवळून धरलं होतं गं तिने ते.”

बिस्त्राने पडद्याकडे पाहिलं. गेर्गिना आजी, हजर, दोन मिनिटांपूर्वी.

“आजी इथे हजर दाखवतेय,” ती म्हणाली.

पेन्चोकाका हळूच म्हणाला, “मला सांगू नकोस ते. बटण खिशात घेतलंय. ट्रॅक्टरवर ठेवतो तिला नि येतो खाली.”

फोन ठेवल्यावर बिस्त्रा बसून राहिली. खिडकीतून दोन बूट गेले, मग कुणीच गेलं नाही. ड्रायव्हर काढावा तर खाली राहिलेल्या तिसांचं दार पुन्हा चिणलं जाणार, आणि रात्री आणखी बर्फ सांगितलं होतं. तिने माउसवरचा हात काढून घेतला.

चार वाजता एकोणतीस ओळी लाल झाल्या.

मदत. मदत. मदत.

तीस तशाच हिरव्या. लाल झाले ते गेलेले. गेर्गिना आजी त्यांच्यात शेवटची.

मदत उमटली की बटणाचा माइक उघडतो. बिस्त्राने कानाला हेडफोन लावले आणि स्तामेनची ओळ दाबली. हवेत असतो तसा पोकळ आवाज. मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा. कुणीतरी बसलं. पुढे काही नाही.

दुसरी ओळ. खुर्ची ओढली, कुणीतरी बसलं.

तिसरी. चौथी. तेच.

शेवटी तिने आजीची ओळ दाबली. ते बटण पेन्चोकाकाच्या खिशात होतं, ट्रॅक्टरवर, उतारावर. इंजिनाची घरघर ऐकू यायला हवी होती.

खोली शांत होती. खुर्ची दारापर्यंत ओढत आणली गेली. कुणीतरी तिच्यावर बसलं आणि वाट बघू लागलं.

बिस्त्राने हेडफोन न काढता तुम्हाला लिहिलं. तीच चार वाक्यं इथे देतो, कारण तुमच्याकडून अजून उत्तर नाही.

“मदत उमटल्यापासून अर्ध्या तासाच्या आत त्या दारात माणूस उभा राहिला पाहिजे, हा नियम तुमचा आहे. एकोणतीस दारं आहेत आणि एकोणतीसही जण दाराशी येऊन बसलेत. पंधरा मिनिटं झाली. मी कुणाला पाठवू, ते लेखी कळवा.”